आणखी एक वर्ष

वैशाख सरत आला की आमच्या खानापूर तालुक्यात पहाटेपासून दोन आवाज ऐकू येऊ लागतात. एक पावशाचा, आणि दुसरा जांभ्यावर आदळणाऱ्या पहारीचा. मृगाच्या पावसाबरोबर ज्यांना आंबा, काजू किंवा नारळ लावावयाचा असतो ते शेतकरी ह्या दिवसांत खड्डे खणून ठेवीत असतात. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायरीवर उभे राहतो तेव्हा तो खणखणाट कानी पडतो, आणि आम्ही मनातल्या मनात थोडे ओशाळतो. ह्या ओशाळण्यामागे एक हकीकत आहे. ती वाचकांपुढे मांडावी की नाही ह्याचा आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. परंतु प्रवचनपीठावरून दुसऱ्यांच्या चुका दाखविणाऱ्याने अधूनमधून स्वतःचीही एखादी चूक सांगावी, हे न्यायाला धरून होईल असे वाटल्यावरून आज लेखणी हाती घेतली आहे.

सेमिनरीत असताना सहनशीलता ह्या सद्गुणाचा आम्ही चांगला अभ्यास केला होता. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी सहनशीलतेची गणना धैर्याच्या पोटात केली आहे, आणि पुढे येणाऱ्या गोष्टींची आधीपासून तजवीज करणे हा त्यांच्या मते शहाणपणाचा एक भाग आहे. परीक्षेत ह्या विषयावर आम्हांस गुणही बरे मिळाले. पहार मात्र तेथे कोणी हातात दिली नव्हती.

२०१९ सालच्या जून महिन्यात आम्ही ह्या धर्मग्रामात आलो. नव्या जागी आलेल्या माणसाला काहीतरी करून दाखविण्याची घाई असते, तशी आम्हांसही होती. आम्ही जुलैत वनमहोत्सव करावयाचे ठरविले. १९५० साली त्या वेळचे केंद्रीय शेतीमंत्री कन्हैयालाल मुन्शी ह्यांनी हा उत्सव सुरू केला, आणि तेव्हापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात देशभर झाडे लावली जातात. त्यांपैकी जगली किती, हे ऑगस्टमध्ये सहसा कोणी विचारीत नाही. असो. आम्ही हापूसची पाच कलमे आणविली. शनिवारी सायंकाळी मुलांना बोलावून आमच्या घरामागील परसात खड्डे खणावयास लावले. फुटभर खाली गेल्यावर कुदळ जांभ्यावर वाजू लागली. मुले दमली होती, पाऊस झिमझिमत होता, आणि रविवारी पाहुणे यावयाचे होते. आम्ही म्हटले, “पुरे, पुरे. रोपे एवढीशी तर आहेत!” दुसऱ्या दिवशी समारंभ झाला, छायाचित्रे निघाली, मुलांना लाडू वाटले.

चर्चचे आवार राखणारे आमचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. सारा गाव त्यांना मामा म्हणतो, म्हणून आम्हीही मामाच म्हणतो. तरुणपणी त्यांनी जंगलात बांबू तोडण्याचे काम केले. त्या शनिवारी ते छत्री धरून बाजूला उभे होते. पुढे पुष्कळ महिन्यांनी आम्ही त्यांना विचारले, “मामा, खड्डे लहान आहेत हे तुम्हांला दिसत होते, मग बोलला का नाहीत?” ते म्हणाले, “तुम्ही विचारलं कुठं, फादर?”

पुढल्या एप्रिलपर्यंत पाचांपैकी चार कलमे वाळली. कारण अगदी साधे होते. पावसाळ्यात त्या उथळ खड्ड्यांत पाणी साचून मुळे कुजली, आणि जी थोडी वाचली त्यांना उन्हाळ्यात ओलावा शोधत खाली जावयास वाट नव्हती. पाचवे कलम जगले, पण रुसून बसलेल्या मुलासारखे. त्याने वाढावयाचे नाकारले. दुसऱ्याच हिवाळ्यात मात्र त्याला मोहर आला! आम्ही एवढे हरखलो की येणाऱ्याजाणाऱ्याला परसात नेऊन तो मोहर दाखवू लागलो. मामा म्हणाले, “खुडून टाका.” आम्ही खुडला नाही. कमरेएवढ्या त्या झाडाला सहा कैऱ्या लागल्या, पाच गळाल्या, आणि एक पिकला. तो आम्ही कौतुकाने खाल्ला. नंतर तीन वर्षे त्या झाडाला ना धड नवी पालवी आली, ना मोहर.

आंबा लावावयाचा म्हणजे काय करावयाचे असते, हे आम्ही त्यानंतर शिकलो. जाणत्या शेतकऱ्यांना ह्यात नवे काही नाही, पण नुकतेच घर बांधून दारात दोन झाडे लावू पाहणाऱ्या तरुण कुटुंबांना उपयोग होईल म्हणून सांगतो. खड्डा एप्रिल-मे महिन्यांत खणावा. लांबी, रुंदी, खोली तिन्ही तीन-तीन फूट. आमच्यासारखी जांभ्याची जमीन असेल तर ह्याहून मोठा. वरच्या थराची काळसर माती एका बाजूला ठेवावी व खालची मुरमाड दुसऱ्या बाजूला. मग तो खड्डा दोन-तीन आठवडे उन्हात तसाच उघडा पडू द्यावा, म्हणजे त्यातील किडी व बुरशी मरतात. नंतर तळाशी पालापाचोळा आणि त्यावर चांगले कुजलेले शेणखत व वरच्या थराची माती ह्यांचे मिश्रण घालून खड्डा जमिनीच्या थोडा वर येईल असा भरावा, कारण पहिल्या पावसाने माती खाली बसते. ती बसली म्हणजे कलम लावावयाचे. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर राहील हे पाहावयाचे. त्याखालून कोयीच्या खुंटाला फूट आली तर ती काढीत जावयाची, नाहीतर खुंट वाढतो व हापूस मरतो. पहिली तीन-चार वर्षे मोहर आला तरी खुडून टाकावयाचा. झाडाने आधी आपली मुळे व खोड घडवावे, आणि फळाचे ओझे त्यानंतर घ्यावे, एवढाच त्यातील हेतू. लावण्याचे काम सकाळी अर्ध्या तासात उरकते. त्यामागे दोन महिन्यांचा खड्डा असतो आणि त्यापुढे चार वर्षांचा संयम.

मोठे झाडही काही निराळे वागत नाही. डिसेंबर-जानेवारीत आपणांस मोहर दिसतो आणि आपण म्हणतो, आता आंब्याचे दिवस आले. वस्तुतः त्या मोहराची घडण आधीच झालेली असते. फळे उतरल्यानंतर व पावसाच्या अखेरीस जी पालवी फुटते ती जून व्हावी लागते. मग ऑक्टोबरपासून पुढे, पाऊस थांबून गारवा पडू लागला म्हणजे, त्या जून झालेल्या डहाळीच्या टोकाशी, डोळ्यांना काही दिसत नसताना, आता पान करावयाचे की फूल करावयाचे हे ठरत असते. त्या दिवसांत आपण भातकापणीत गुंतलेले असतो, आंब्याकडे मान वर करून कोण पाहतो! मोहरातील हजार फुलांमागे फळ होऊन टिकते ते एखादे, आणि ते पिकावयासही जवळजवळ चार महिने लागतात. हापूस तर बहुधा एक वर्ष भरभरून देतो व दुसऱ्या वर्षी हात आखडतो. त्या दुसऱ्या वर्षी तो आळसावलेला असतो असे बागाईतदार समजत नाही. झाडाने खर्ची घातलेले परत साठवावयास त्याला वेळ द्यावा लागतो, हे त्याला ठाऊक असते.

गेल्या वर्षी, २०२५ सालच्या प्रायश्चित्तकाळातील तिसऱ्या रविवारी, संत लूककृत शुभवर्तमानातील निष्फळ अंजिराच्या झाडाचा दाखला वाचावयाचा होता. मालक तीन वर्षे फळ शोधीत येतो, त्याला काही मिळत नाही, तो झाड तोडावयास सांगतो, आणि माळी एका वर्षाची मुदत मागतो, ही कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. आम्ही त्यावर अर्धा तास बोललो. देव आपणांस किती सवड देतो, हे आम्ही मोठ्या तळमळीने सांगितले. नंतर दुपारी जेवून परसात गेलो, त्या रुसलेल्या कलमाकडे पाहिले, आणि मामांना म्हणालो, “उद्या हे उपटून टाका. सहा वर्षे होत आली. जागा तरी मोकळी होईल.”

मामा सकाळच्या मिस्सेला होते. त्यांनी प्रवचन ऐकले होते की डुलकी घेतली होती हे आम्हांस सांगता येत नाही. शुभवर्तमानाचा त्यांनी उल्लेखही केला नाही. ते एवढेच म्हणाले, “झाडाचा काय गुन्हा, फादर? खाली दगड हाय. मला मे महिन्यापर्यंत वेळ द्या. मी भोवतीनं चर मारतो.”

आणि त्यांनी मारला. बुंध्यापासून दोन हातांवर, चहूबाजूंनी. आदल्या रात्री पाणी ओतून ठेवावयाचे आणि पहाटे ऊन चढण्यापूर्वी पहारीने जांभ्याचे टवके काढावयाचे, असे तीन आठवडे चालले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस खणतो आहे व आम्ही खिडकीत बसून प्रार्थनापुस्तक वाचतो आहोत, हे तिसऱ्या दिवशी असह्य झाले, म्हणून आम्हीही पहार धरली. तासाभरात तळहातांना फोड आले. परंतु त्या फोडांमुळेच, वाचकहो, ज्या दाखल्यावर आम्ही वीस वर्षे प्रवचने दिली त्यातील एक गोष्ट आमच्या प्रथमच ध्यानात आली. तो माळी मालकाला ‘थांबा, पुढल्या वर्षी काय होते ते पाहू’ असे म्हणत नाही. मी ह्याच्या भोवती खणीन, ह्याला खत घालीन, असे तो म्हणतो. तो मुदत मागतो ती स्वतःच्या श्रमांसाठी मागतो. आम्ही मात्र इतकी वर्षे त्याच्या विनंतीतील ‘एक वर्ष’ तेवढे उचलले होते आणि कुदळ तेथेच टाकून दिली होती.

बांबूची गोष्टही येथे सांगून टाकतो, कारण तिच्यातही आमची फजिती झाली आहे. मोबाइलवर एक कथा फिरत असते. बहुधा आपणही ती वाचली असेल. चीनमध्ये एक बांबू आहे म्हणे. त्याचे बी पेरले की पाच वर्षे जमिनीवर काहीच उगवत नाही. शेतकरी श्रद्धेने पाणी घालीत राहतो आणि पाचव्या वर्षी सहा आठवड्यांत नव्वद फूट बांबू उभा राहतो. तरुणांच्या एका मेळाव्यात आम्ही ही कथा रंगवून सांगितली. मेळावा संपल्यावर मामा जवळ आले आणि हळूच म्हणाले, “फादर, तुम्ही बांबूचं बेट कधी खणून बघितलंय काय? पाच वर्षं जे बी उगवत नाही, ते मेलेलं असतंय.”

मामांचे म्हणणे खरे होते. बांबूचे ताजे बी पावसात थोड्याच दिवसांत रुजते व गवताच्या काडीसारखे रोप वर येते. ते काही लपून बसत नाही. फक्त पहिल्या वर्षी ते इतके क्षुद्र दिसते की वाटेने जाणाऱ्याला तो बांबू आहे हे ओळखू येत नाही. त्याचे मुख्य काम खाली चाललेले असते. कंद वाढतो, पसरतो, आणि दर पावसाळ्यात आधीच्यापेक्षा थोडी जाड काठी वर पाठवितो. कोंब जमिनीतून वर येतो तोच आपली पुरती जाडी घेऊन येतो. नंतर तो उंच होईल, दोन-चार महिन्यांत आपली पूर्ण उंची गाठील, परंतु एका सुताने जाड होणार नाही. जेवढे ऐवज खाली साठलेले असेल तेवढाच तो असावयाचा. आणखी एक गोष्ट मामांनी आम्हांस बेटात नेऊन दाखविली. वर येणाऱ्या कोंबाला पाने नसतात, म्हणजे त्याला स्वतःचे अन्न करता येत नाही. बेटातील जुन्या काठ्या व कंद त्याला पोसतात. म्हणून जाणता तोडणारा बेटातील सगळ्या काठ्या कधी तोडीत नाही. दोन-तीन वर्षांच्या काठ्या राखून ठेवतो. पैशाची नड म्हणून ज्याने बेट साफ केले त्याला पुढल्या पावसाळ्यात बोटाएवढे कोंब मिळतात. घरातील आजीआजोबांना अडगळ समजणाऱ्यांनी एकदा मामांबरोबर बेटात जाऊन यावे.

तेव्हापासून आम्ही ती चिनी कथा सांगावयाचे सोडून दिले आहे. तिच्यात पाणी घालणाऱ्याने फक्त विश्वास ठेवावयाचा असतो, आणि एके दिवशी चमत्कार व्हावयाचा असतो. बागेत असे चमत्कार होताना आम्ही पाहिले नाहीत.

आमच्यासारख्या झगाधारी माणसाने बाग कशी राखावी ह्याचे एक थोर उदाहरण जगापुढे आहे. शाळेतील मुलांना मेंडेल हे नाव विज्ञानाच्या पुस्तकात भेटते, परंतु ते संत ऑगस्टिनच्या संघातील एक धर्मगुरू होते हे सर्वांनाच ठाऊक नसते. सध्याच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो ह्या शहरात त्यांचा मठ होता. मठाच्या आवारात सुमारे पस्तीस मीटर लांब व सात मीटर रुंद अशी एक पट्टी त्यांना मिळाली होती. आपल्याकडील भाताच्या एखाद्या लहानशा खाचराएवढी. त्यांनी तीत वाटाणा लावला. आईबापांचे गुण लेकरांत कसे उतरतात हे त्यांना शोधावयाचे होते. पण प्रयोगाला आरंभ करण्यापूर्वी वाटाण्याच्या चौतीस जाती आणवून, त्या पिढीमागून पिढी शुद्ध उतरतात की नाही एवढेच तपासण्यात त्यांनी दोन वर्षे घालविली. त्यांतील बावीस जाती निवडल्या, आणि मग १८५६ पासून १८६३ पर्यंत खरे काम चालले. वाटाण्याचे फूल उमलण्याआधी कळी उघडावयाची, त्यातील दहाही पुंकेसर चिमट्याने काढावयाचे, दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावावयाचा, त्यावर पिशवी बांधावयाची, आणि शेंगा वाळण्याची वाट पाहावयाची. नंतर दाणे मोजावयाचे. गोल किती, सुरकुतलेले किती, पिवळे किती, हिरवे किती. हजारो झाडे त्यांनी अशी हाताळली. १८६५ साली त्यांनी आपला शोध वाचून दाखविला, १८६६ साली तो छापला, आणि कोणी विशेष लक्ष दिले नाही. १८६८ साली ते मठाधिपती झाले, १८८४ साली वारले. १९०० साली, म्हणजे त्यांच्या मरणानंतर सोळा वर्षांनी, निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञ त्याच निष्कर्षापाशी आले तेव्हा जगाला त्यांची ओळख पटली.

ह्या थोर पुरुषाविषयीची आणखी एक गोष्ट आम्ही अलीकडेच वाचली, आणि ती वाचून आमची झोप उडाली. १८५० साली मेंडेल शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाले होते. १८५६ साली ते त्या परीक्षेला पुन्हा बसले, तेव्हाही ती त्यांच्या हातून पुरी झाली नाही. त्यांच्या मठाधिपतींनी ह्या नापास माणसाला परत पाठवून दिले असते, तर? त्यांनी तसे केले नाही. त्यांनी त्याला मधल्या काळात शिकावयास व्हिएन्नाला पाठविले, आणि बागेची जागा दिली.

आम्ही काय केले ते आता सांगावयास हवे.

२०२२ सालच्या मे महिन्यात दहावीचा निकाल लागला. दुसऱ्याच दिवशी लांबच्या वाडीवरील एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलगा गणित व कन्नड ह्या दोन विषयांत राहिला होता. सीमाभागातील मराठी शाळांत शिकणाऱ्या आपल्या मुलांना कन्नड किती जड जाते हे आम्ही आपणांस सांगावयास नको. जूनच्या अखेरीस फेरपरीक्षा होती. बापाने विचारले, “फादर, पुन्हा बसवू, की गोव्यात कामाला लावू?” आम्हांस अकरा वाजता बेळगावला बैठकीला जावयाचे होते. गाडी दारात उभी होती. आम्ही मुलाला दोन प्रश्न विचारले. तो खाली मान घालून उभा राहिला. आम्ही बापाला म्हणालो, “अभ्यास ह्याच्या डोक्यात शिरणारा दिसत नाही. उगाच वर्ष वाया घालवू नका.” सारे मिळून पाच मिनिटे झाली असतील. खेड्यातील माणसे धर्मगुरूच्या शब्दाला फार मान देतात. जून लागण्यापूर्वी तो मुलगा गोव्याच्या किनाऱ्यावरील एका खानावळीत भांडी घासू लागला.

त्यानंतरच्या नाताळापूर्वी घरे आशीर्वादित करावयास आम्ही त्या वाडीवर गेलो. बाप शेतावर होते, की आम्ही येणार म्हणून शेतावर गेले होते, ते त्यांनाच ठाऊक. आईने खुर्ची दिली, चहा दिला, आणि ट्रंकेतून एक वही काढून आमच्या हातात ठेवली. ती मुलाची होती. तो गेल्यावर आवराआवर करताना तिला सापडली होती. वहीत पानेच्या पाने कन्नड शब्द उतरविलेले होते. बसवरच्या पाट्या, दुकानांची नावे, औषधांच्या वेष्टनांवरील व खताच्या पोत्यांवरील मजकूर, आणि प्रत्येकासमोर मराठी अर्थ. पहिल्या पानांवरील अक्षरे वेडीवाकडी होती. पुढे पुढे ती सरळ होत गेली होती. शेवटच्या पानांवर पुरी वाक्ये होती. कोणी त्याला असे करावयास सांगितले नव्हते. लावणीच्या दिवसांत त्याची शाळा बुडे, ती भरून काढावयाचा त्याने स्वतः शोधलेला हा उपाय होता. आम्ही दोन प्रश्नांत ज्याची परीक्षा केली त्याच्या डोक्यात काय चालले होते ते त्या वहीत होते. ती माउली आम्हांस बोल लावीत नव्हती. “अक्षर बरं हाय न्हवं, फादर?” एवढेच तिने विचारले. निघताना तिने आमच्या पिशवीत एक सुरण घातला.

तेव्हापासून दर नाताळात तिच्याकडून सुरण येतो. आमचा स्वयंपाकी आमसूल घालून त्याची भाजी करतो. ती भाजी आमच्या घशाखाली सुखाने उतरत नाही, आणि त्यात सुरणाच्या खाजेचा दोष नाही.

यंदाचा सुरण मात्र आम्ही शिजवू दिला नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तसाच ठेवला. ज्यांनी सुरण लावला आहे त्यांना त्याची रीत माहीत आहे. पावसाआधी गड्डा पुरावयाचा, त्याला छत्रीसारखे पान येते, आणि पाऊस संपून दिवाळी उलटली की ते पिवळे पडून कोसळते. नवख्या माणसाला वाटते, झाड मेले. तेव्हा खाली गड्डा भरलेला असतो. खणून काढल्यावरही तो तीन-चार महिने निजून राहतो. त्या काळात तुम्ही त्याला पाणी घाला, माती द्या, तो दाद देत नाही. नंतर उन्हाळ्याच्या ऐन तापात, ना माती ना पाणी अशा कोरड्या फरशीवर, त्याचा मधला डोळा फुगू लागतो. आमच्या कोपऱ्यातील सुरणाला गेल्या आठवड्यात बोटभर गुलाबी कोंब आला.

तो मुलगाही आता घरी आला आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावरची खानावळ बंद असते, म्हणून ऑक्टोबरपर्यंत तो वाडीवरच राहील. आम्ही त्याच्या घरी गेलो. ह्या वेळी बाप भेटले. “त्या दिवशी आमची चूक झाली,” असे आम्ही त्यांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आता तो वीस वर्षांचा झाला, फादर. त्यालाच विचारा.” मुलाला विचारले, बाहेरून परीक्षा देशील काय? त्यानेही लगेच होय म्हटले नाही, आणि का म्हणावे? गावातील एक निवृत्त शिक्षक गणित शिकवावयास तयार झाले आहेत, व कन्नडसाठी आम्ही स्वतः त्याच्याबरोबर बसणार आहोत, कारण आमचे कन्नडही त्याच्याहून फार बरे नाही. पहिले दोन दिवस तो सायंकाळी आला. तिसऱ्या व चौथ्या दिवशी आला नाही. आम्ही दिवा लावून बसून राहिलो. पाचव्या दिवशी आला.

त्या भोवती चर मारलेल्या कलमाविषयी वाचक विचारतील, म्हणून सांगतो. वर्ष पुरे झाले. यंदाही आंबा लागला नाही. पावसानंतर मात्र त्याने वीतभर लांबीच्या आठ नव्या डहाळ्या काढल्या. मामांनी त्या मोजल्या, आणि यंदाचे खतही घालून ठेवले आहे. धर्मगुरूंच्या बदल्या होत असतात, झाडांच्या होत नाहीत. त्याचा आंबा बहुधा आमच्या मागून येणारे फादर खातील.

काल सायंकाळी अभ्यास लवकर संपला, तेव्हा आम्ही तो सुरण लावावयास परसात घेतला. मुलाने आमच्या हातातील कुदळ आपण होऊन घेतली. दीड फूट खाली गेल्यावर जांभा लागला. “एवढे पुरे,” असे आमच्या तोंडातून निघून गेले. परंतु ते ऐकावयास तो तेथे नव्हता. मामांच्या मागोमाग पहार आणावयास तो मागच्या खोलीकडे गेला होता.